उभं रान घ्यावं की तोडलेलं? कोकणात जंगलाचा तुकडा विकत घेण्यापूर्वी

कोकणातलं बरंचसं रान खासगी मालकीचं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तर सरकारी वनजमीन अगदीच थोडी. त्यामुळे जुन्या जंगलाचा पाच-दहा एकरांचा तुकडा घेऊन तो राखावा असं मनात असेल, तर ते इथे खरोखर जमण्यासारखं आहे. एजंट साधारण दोन तऱ्हेच्या जमिनी दाखवतो. एक उभं रान: उंच झाडं, खाली सावली, बाजूने व्हाळ (ओढा). दुसरं तोड होऊन गेलेलं रान: खुंट, त्यांचे फुटवे, रानमोडी (मोकळ्या जागी माजणारं झुडूप) आणि मधूनच राखून ठेवलेला एखादा आंबा. दुसऱ्याचा भाव बराच कमी असतो आणि बघणारे बहुतेक जण तिथून पाठ फिरवतात. पाठ फिरवण्याआधी काय बघायचं आणि उभ्या रानाला भुलण्याआधी काय विचारायचं, ते इथे दिलं आहे.

जुनं म्हणजे किती जुनं

इंग्लंडमध्ये १६०० सालापासून सलग टिकलेल्या रानाला 'प्राचीन' म्हणतात आणि त्याची सरकारी यादी असते. आपल्याकडे अशी यादी नाही. सातबारावर झाडांचं वय लिहिलेलं नसतं, ते जागेवरच वाचावं लागतं. कोकणातलं मालकी रान साधारण दहा-पंधरा वर्षांनी ठेकेदाराला तोडीला देतात. लाकूड वीटभट्ट्यांना, कारखान्यांच्या बॉयलरला आणि जळणाला जातं. खुंट पुन्हा फुटतात, रान पुन्हा उभं राहतं, पुन्हा तोडलं जातं. म्हणून लांबून हिरवंगार दिसणारं रान जुनं असेलच असं नाही.

ओळखायची खूण बुंध्यात आहे. एकाच बुडातून तीन-चार सारख्या जाडीची खोडं वर गेली असतील, तर ते रान कधी ना कधी तोडलेलं आहे. कवेत न मावणारे एकखोडी बेहडे, सातवीण, आंबे, मांडीएवढ्या जाडीची गारंबीची वेल, खाली अंजनी, रातांबा, सुरंगी यांची दाटी आणि पाय रुतेल असा पाल्याचा थर हे सगळं एकत्र दिसलं, तर ते खरंच जुनं. जमिनीपासून उंचावर बुंध्यात ढोल्या आहेत का ते आवर्जून बघा. ढोलीच्या उभ्या फटीभोवती चिखलासारखा लेप असेल, खाली विष्ठेचे ओघळ आणि वड-उंबर, काजरा, रानजायफळ अशा बियांचा सडा, त्यातल्या काही रुजून आलेल्या, तर ते धनेशाचं (मोठ्या चोचीच्या पक्ष्याचं) घरटं आहे. मादी आत कोंडून घेते आणि नर फटीतून चारा भरवतो. धनेश वर्षानुवर्षं त्याच ढोलीत परत येतो. असं झाड तुकड्यात असेल, तर बाकीची तुलना थांबवा आणि तो तुकडा घ्या. बाकी सगळं परत वाढवता येतं, पण ढोली धरायला झाडाला जितकी वर्षं लागतात तितकी तुमच्या हातात नाहीत.

दरात काय काय धरलंय

उभ्या रानाच्या दरात दोन गोष्टी असतात: जमीन आणि लाकूड. तुमचा खरा स्पर्धक दुसरा निसर्गप्रेमी नसून लाकूड ठेकेदार असतो. मालकाला ठेकेदाराने किती सांगितलेत ते विचारा, म्हणजे दरातला लाकडाचा वाटा कळेल. झाडांवर डांबराने किंवा लाल रंगाने आकडे टाकलेले दिसले, तर तोडीची तयारी आधीच झाली आहे असं समजा. मालकाने ठेकेदाराकडून इसार (आगाऊ रक्कम) घेतला असेल, तर जमीन तुमच्या नावावर झाल्यावरही तो कुऱ्हाड घेऊन दारात उभा राहू शकतो. म्हणून खरेदीखतात 'त्यावरील उभ्या झाडाझुडपांसह' हे शब्द हवेत, आणि झाडांचा व्यवहार अन्य कोणाशीही केलेला नाही असं मालकाकडून लेखी हवं.

तोडलेल्या रानाचा दर नुसत्या जमिनीचा. पण तिथे लाकडाची विक्री नुकतीच झालेली असते, त्यामुळे मालकाला घाई नसते. आणखी वर्षभराने रान हिरवं दिसायला लागलं की तो दर चढवतो.

तोडलेल्या रानात जीव आहे का

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि उत्तर खुंटात आहे. खिळ्याने खुंटाची साल जमिनीलगत खरवडा. आत हिरवट ओलसर दिसलं तर मूळ जिवंत आहे. कोरडं, तपकिरी, भुगा पडणारं निघालं तर मेलं. दहा ठिकाणी दहा-दहा खुंट तपासा. कडेचे दोन-चार बघून मत बनवू नका. किंजळ, ऐन, जांभूळ, अंजनी चांगली फुटतात. पहिला पावसाळा सरला की फुटवे कमरेला-छातीला लागतात, कारण खाली जुन्या झाडाची पूर्ण वाढलेली मुळं असतात. रोपवाटिकेतलं रोप या शर्यतीत कधीच येत नाही.

खुंट दोन कारणांनी मरतात. एक, तोडीनंतर राहिलेल्या फांद्या जागेवरच पेटवून दिल्या तर. खुंटाची साल काळी, तडकलेली दिसते. दोन, जेसीबी. काजू, रबर किंवा अननसाच्या लागवडीसाठी खुंट मुळासकट उपटले असतील, तर तिथे जंगल परत येण्याची मुळं राहिलेली नाहीत. जांभ्यावरचा मातीचा थर पातळ असतो. एका पावसात तो व्हाळात जातो आणि खाली कातळ उघडा पडतो. असा तुकडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. जिवंत खुंट, न हललेली माती आणि एका बाजूला उभं रान लागून असेल, तर मात्र तोडलेला तुकडा हा उत्तम सौदा आहे. शेजारच्या रानातून पाखरं आणि वारा बिया आणतात.

घेतल्यावर पहिली चूक बहुतेकांकडून होते ती खड्डे काढून झाडं लावायची. जिथे खुंट फुटतायत तिथे मियावाकीची (जवळजवळ रोपं लावून दाट रान उभं करायच्या पद्धतीची) गरज नाही; खड्ड्यांनी उलट मुळं तुटतात. लावायचंच असेल तर आसपास बी उरलेलं नाही अशाच झाडांचं, आणि फक्त मोकळ्या जागी. तिसऱ्या वर्षी प्रत्येक खुंटावरचे एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे विरळ केले, तर उंच झाडं लवकर तयार होतात. पण आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा, फणस, हिरडा, खैर अशी झाडं आहेत, आणि ती आपल्या जमिनीत असली तरी तोडायला परवानगी लागते.

रानमोडीला घाबरायचं कारण नाही, पण हलक्यातही घेऊ नये. तिचं बी वाऱ्यावर उडतं. पाऊस ओसरताना, फुलं येण्याआधी, माती ओली असतानाच ती उपटा. वरची सावली मिटली की ती आपोआप हटते. उभ्या जुन्या रानात हे काम फक्त कडेकडेने असतं.

वणवा: दोन्हीकडे, पण सारखा नाही

उभ्या दाट रानात पाला ओलसर राहतो, आग बहुधा कडेवर सरपटते. तोडलेल्या रानात वाळलेलं गवत आणि रानमोडी उन्हाळ्यात कापरासारखी पेटते. पहिल्या चार-पाच वर्षांत एक वणवा आला, की फुटवे जळून खाक होतात आणि तुम्ही पुन्हा शून्यावर. आग बहुतेक वेळा शेजारून येते: दाढ (भाताची रोपं करायची जमीन) भाजताना, काजूची बाग साफ करताना, कधी नुसत्या विडीने.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला हद्दीवर साफ केलेला पट्टा, किमान तीन मीटर रुंद, उतारावर खालच्या अंगाला जास्त. गवत वाळायला लागलं की डिसेंबरात एकदा काढायची, आणि पानगळ झाल्यावर फेब्रुवारीत पुन्हा झाडायची. नेमकं हे दुसरं झाडणं राहून जातं, आणि आग पडलेल्या पानांवरून रेषा ओलांडते. खर्च क्षेत्रापेक्षा हद्दीच्या लांबीवर ठरतो. एक एकराचा चौरस तुकडा असेल तर हद्द सुमारे २५४ मीटर. पाच एकरांचा चौरस, तर सुमारे ५७० मीटर. म्हणजे क्षेत्र पाचपट, काम सव्वादोनपट. पण तेच पाच एकर ५० मीटर रुंदीच्या पट्टीत असतील तर हद्द ९१० मीटर होते. कोकणात वाटण्या होऊन जमिनी पट्ट्यापट्ट्यांच्या झालेल्या असतात, म्हणून नकाशा बघताना आकाराकडे आधी लक्ष द्या.

कागद

इथे दोन्ही तुकडे सारखेच अडचणीचे. सगळ्यात मोठा धोका आधी. सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यात खासगी वन किंवा वनसंज्ञा अशी नोंद आहे का ते पाहा, आणि फक्त आजचा उतारा न बघता जुने फेरफार काढा. 'मला जंगलच ठेवायचंय, मग नोंद असली तर काय बिघडलं?' असं वाटणं साहजिक आहे. बिघडतं ते असं: महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ नुसार ३० ऑगस्ट १९७५ रोजी खासगी वनं सरकारकडे निहित झाली. म्हणजे जी व्यक्ती तुम्हाला विकतेय ती मालक आहे की नाही हाच प्रश्न उभा राहतो. एकूण धारण १२ हेक्टरपर्यंत असलेल्या खातेदारांना कलम २२अ खाली जमीन परत देण्याची तरतूद आहे. तसं झालं असेल तर मूळ आदेशाची प्रत मागा. भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ खालची नुसती जुनी नोटीस जमीन खासगी वन ठरवायला पुरेशी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये गोदरेज प्रकरणात म्हटलं. पण त्या निकालाच्या भरवशावर नोंद असलेली जमीन घेणं म्हणजे वकिलाची फी वर्षानुवर्षं भरण्याची तयारी ठेवणं. नोंद असेल तर सोडून द्या, हेच आमचं मत.

बाकीचंही दोन्हीकडे सारखं. शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला लागतो (कूळकायद्याचं कलम ६३). भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल किंवा कुळाने मिळवलेली जमीन असेल तर परवानगी लागते का याची खात्री केल्याशिवाय व्यवहार करू नका. परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांकडून ही चौकशी फार येते: अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली असेल तर ती ठेवता येते. म्हणून घरच्या जमिनीतलं रान राखणं हाच तुमच्यासाठी सरळ मार्ग आहे.

आणि सामाईक क्षेत्र. एका उताऱ्यावर तीस-चाळीस नावं, निम्मी मुंबईत, काही वारलेले, वारसनोंद नाही. एका भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतो म्हणून घ्याल, तर बाकीचे हिस्सेदार तुमच्या डोळ्यांदेखत ठेकेदार आणतील आणि तुम्हाला कुठलं झाड कोणाचं ते सांगता येणार नाही. पोटहिस्सा पाडून, भूमी अभिलेखाकडून हद्द कायम मोजणी करून, हद्दीवर गडगा (दगडी बांध) घालून किंवा दगड रोवून झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. वाट नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून रस्ता मागता येतो, पण जंगलाला पायवाट पुरते. गाडीचा रस्ता पाडलात तर ट्रकलाही वाट मिळते.

गावाचा हक्क

उभ्या रानात गावाच्या वहिवाटी जास्त: कवळ (भाजावळीसाठीच्या पाल्याच्या फांद्या) तोडायला, सुकी लाकडं आणायला, गुरं चारायला, देवळाकडे जायला. खरेदीनंतर पहिल्याच महिन्यात तारेचं कुंपण घातलं, की वणव्याच्या वेळी कोणी हाक मारायला येत नाही. पायवाट आणि सुकी लाकडं मोकळी ठेवा. कवळतोड आणि चराई ठरावीक भागापुरती, बोलून ठरवा. तोडलेल्या रानात चराई मात्र पहिली तीन वर्षं पूर्ण बंद हवी, कारण गुरं कोवळे फुटवेच आधी खातात. राखणीला त्याच वाडीतला माणूस ठेवा. त्याने फिरताना शिकारीसाठी लावलेले दुचाकीच्या क्लचवायरचे फासे शोधून काढावेत. ते पायवाटेलगत, गुडघ्याच्या उंचीवर, झुडपाला बांधलेले असतात.

विकत न घेता

देवराई विकत मिळत नाही, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नये. तिचा निर्णय गावचे मानकरी आणि देवाचा कौल यांतून होतो. पण हाताशी पैसे कमी असतील तर तिसरा मार्ग आहे: मालकाला ठरावीक वर्षं तोड न करण्याबद्दल मोबदला देणारा नोंदणीकृत करार. संगमेश्वर भागात संस्थांनी अशा पद्धतीने रान राखलं आहे. जमीन मालकाकडेच राहते, शेतकरी दाखल्याची अट येत नाही, आणि त्याच पैशात कितीतरी जास्त क्षेत्र राखता येतं. उणीव एकच, पण मोठी: मुदत संपली की ठेकेदार पुन्हा बोली लावतो. म्हणून धनेशाचं झाड असलेली जागा विकत घ्यावी आणि तिच्याभोवतीचं रान करारावर राखावं.

इसार देण्याआधी जागा दोनदा बघा. मे महिन्यात व्हाळाला पाणी आहे का, हद्दीवर काळे बुंधे आहेत का ते कळतं. जुलैत माती कुठून वाहते ते दिसतं, आणि खुंट जिवंत आहेत की नाहीत हे खिळा न लावताच कळतं.