देवबागच्या खाडीत दिवसभर होडीने : एक अनुभव

मालवणपासून दहा-बारा किलोमीटरवर, कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग गाव वसले आहे. गावाच्या खाडीकडील अंगाने पर्यटकांच्या लहान होड्या निघतात. बहुतेकांची फेरी तास-दोन तासांत आटोपते आणि तीत ठरलेले ‘पॉइंट’ भराभर दाखवले जातात. आम्ही सहा जणांनी गेल्या फेब्रुवारीत एक फायबरची होडी दिवसभरासाठी ठरवली. भाडे माणशी नसून होडीवर होते आणि ते तासाच्या फेऱ्यांच्या मानाने बरेच अधिक होते. तरीही ते मला योग्य वाटले, आणि त्याचे कारण तांडेलाने, म्हणजे होडी चालवणाऱ्याने, निघण्यापूर्वीच दिले होते.

आमची तारीख फोनवर ऐकताच त्याने पंचांग पाहिले आणि दोन दिवस उशिरा येण्याचा आग्रह धरला. मूळ ठरवलेल्या दिवशी दशमी होती, त्याला द्वादशी हवी होती. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा हिशेब कोकणात जुना आहे. त्यानुसार द्वादशीची भरती नऊच्या सुमारास येते, देवबागला त्याहूनही थोडी आधी, आणि दुपारी दोनच्या आसपास पाणी पुरते ओसरते. अष्टमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याची चढउतार मंद असते, म्हणून त्या सुमारास वाळू फारशी उघडी पडत नाही. पौर्णिमा जवळ येईल तसे उधाण वाढते. मुंबईच्या मानाने या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक पुष्कळ कमी आहे, त्यामुळे येथे हातभर पाण्यानेही दिवसाचा रंग बदलतो.

सकाळी सात वाजता चढत्या पाण्यात आम्ही संगम ओलांडला. नदीच्या मुखाशी वाळू साचलेली असल्याने तेथे लाटा फुटतात, आणि लहान होडीने बाहेर पडायचे तर पाणी भरलेले असणे सोयीचे असते. बाहेर भोगव्याच्या समोर डॉल्फिन दिसले. तांडेलाने इंजिन बंद करून होडी नुसती तरंगत ठेवली. शेजारच्या दोन होड्या मात्र इंजिनाचा आवाज वाढवत त्या जनावरांच्या मागे धावत होत्या, आणि पाचच मिनिटांत तेथे कोणालाच काही दिसेनासे झाले. पुढे निवतीचे पिवळसर-तांबूस कडे आणि टेकडीवरचा किल्ला पाण्यातून पाहिला. दूर क्षितिजावर वेंगुर्ला रॉक्सचे खडक दिसत होते. तिकडे जाण्याचा आमच्यातील एकाचा हट्ट तांडेलाने हसून मोडून काढला. एवढ्या होडीने उघड्या समुद्रात तितके दूर न जाणेच शहाणपणाचे होते.

भोगव्याला एका घरी बांगड्याचे तिखले, भात आणि सोलकढी असे साधे जेवण मिळाले. तेथे अर्धा तास अधिक रेंगाळण्याची आमची इच्छा होती, पण ती मोडून तांडेलाने आम्हाला उठवले, कारण पाणी सुकू लागले होते.

दिवसातील सर्वांत चांगला भाग यापुढचा. खाडीत परतल्यावर पाणी कमरेइतके, मग गुडघ्याइतके झाले. तांडेलाने इंजिन वर उचलून घेतले, खलाशाने बांबूची लांब काठी हाती धरली आणि होडी जवळजवळ निःशब्द पुढे सरकू लागली. खोल वाट कोठे आहे हे ते दोघे पाण्याच्या रंगावरून ओळखत होते: हिरवट पट्ट्यात होडी न्यायची, फिकट पट्टा टाळायचा, आणि जेथे बारीक खळबळ दिसेल तेथे वाळू हातभर खाली आहे असे समजायचे. एवढे करूनही एकदा होडी वाळूत रुतलीच. आम्ही चौघे उतरून ढकलू लागलो, आणि सत्तरीच्या आईला तांडेलाने ‘काकी, तुमी बसान रवा’ असे सांगून जागचे हलू दिले नाही.

‘सुनामी आयलंड’ म्हणून प्रसिद्ध असलेली जागा म्हणजे याच खाडीतील वाळूचा एक दांडा आहे. 2004 च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असे सांगितले जाते. नदीचा गाळ आणि समुद्राच्या लाटा मुखाशी अशी वाळू सतत हलवत असतात, त्यामुळे ‘बेट’ हा शब्द मला जरा उदार वाटतो. दांड्याच्या एका टोकाला जेट स्कीचा असह्य गोंगाट होता. आमची होडी दुसऱ्या टोकाला लागली, आणि तेथे घोट्याएवढ्या कोमट पाण्यात तासभर चालता आले.

सेवेत उणिवाही होत्या. सहांपैकी दोन जीवरक्षक जाकिटांचे बंद तुटलेले होते, आणि आम्ही सांगितल्यावरच ती बदलून मिळाली. ही बाब क्षम्य नाही. होडीवर छप्पर नसल्याने दुपारी फार ऊन लागले. चढण्या-उतरण्यासाठी साधी फळीही नव्हती, त्यामुळे आईला प्रत्येक वेळी दोघांनी धरून पाण्यातून न्यावे लागले. वयस्कर माणसे बरोबर असतील तर पक्की शिडी असलेली होडी आधीच मागून घ्यावी, आणि टोपी, पिण्याचे पाणी व वाळूवर चालताना भिजली तरी चालतील अशी पादत्राणे स्वतःची न्यावीत. पावसाळ्यात ही प्रवासी वाहतूक बंद असते.