विश्रामबागेतल्या शिवणवाल्या काकू : शिलाई उत्तम, तारीख देवावर, ट्रायलला जेवून या

कापडपेठेपासून शंभर फुटी रस्त्यापर्यंत कुठंही जा, सांगलीत रेडिमेडची दुकानं ढिगानं पडलीयत, तरीपण हा रिव्ह्यू एका घरगुती टेलरचा आहे आणि जरा लांब होणारे. दुकानाला पाटी नाही. नाव टाकू नको म्हणून काकूंनी बजावलंय, हातात आहे तेच काम उरकंना म्हणे. बंगल्याच्या तळमजल्यावर दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल आणि आतल्या खोलीला पडदा लावून केलेली ट्रायल रूम, एवढाच पसारा.

मी काही स्टायलिश ब्लाउजसाठी गेले नव्हते. माझ्या धाकट्या बहिणीला ॲनोरेक्सिया झालेला. तिला विचारूनच लिहितेय, तिनं वाचून दोन ओळी खोडल्या पण. डाएटचं फॅड किंवा जेवणाचे नखरे वेगळे आणि हे वेगळं, हा आजार आहे, वजन वाढेल या भीतीनं माणूस खाणं तोडत जातं आणि हाडं वर आली तरी आरशात त्याला जाडच दिसतं. एप्रिलात आपण सगळे पंख्याखाली घामानं निथळत असतो आणि ही स्वेटर घालून बसायची, हातावर बारीक लव आलेली, केस कंगव्यात गुच्छानं यायचे, पाळी बंद. आई म्हणायची अभ्यासाचं टेन्शन असेल. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं की खायलाच मिळेना म्हणून शरीर जे जे बंद करता येईल ते बंद करत सुटतं, हृदयाचे ठोकेसुद्धा मंद होतात, आणि मानसिक आजारांमध्ये जिवावर बेतायचं प्रमाण याच्यात फार जास्त आहे. वजनाचे आकडे मी मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना हा त्रास आहे ते आकडे वाचून स्वतःशी तुलना करत बसतात.

यातली सगळ्यात डोक्यात जाणारी गोष्ट म्हणजे ती जेव्हा सगळ्यात आजारी होती तेव्हाच तिचं सगळ्यात जास्त कौतुक झालं. चुलतभावाच्या लग्नाच्या खरेदीला एका मोठ्या शोरूममध्ये गेलेलो (नाव लिहीत नाही), तिथली सेल्सगर्ल म्हणते काय, मॅडम फिगर एकदम मॉडेलसारखी आहे तुमची, काय खाता आम्हाला पण सांगा की. बिचारी शिकवलेलं बोलली असेल, तिला काय दोष द्यायचा, आमच्या आत्या तर तेच फुकटात बोलत होत्या. बहीण त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही.

आणि मॉडेलसारखी म्हणजे काय ते पण ऐका. 2006 मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस, वय 22, माँटेव्हिडिओच्या फॅशन शोमध्ये रॅम्पवरून चालून आली आणि तिथंच कोसळून गेली. सहा महिन्यांनी तिची बहीण इलियाना, ती पण मॉडेल, वय 18, ती पण गेली. त्याआधी 2006 मध्येच ब्राझीलची मॉडेल आना कॅरोलिना रेस्टन ॲनोरेक्सियातच वारली. हळूहळू जाग आली, माद्रिदच्या फॅशन वीकनं 2006 मध्येच अति बारीक मॉडेल घ्यायच्या नाहीत असं ठरवलं, 2012 ला इस्रायलनं कायदा केला, 2017 पासून फ्रान्समध्ये मॉडेलला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं आणि जाहिरातीत फोटोतलं शरीर कॉम्प्युटरवर बारीक किंवा जाड केलं असेल तर तसं छापावं लागतं. आपल्याकडं फिल्टर मारलेला फोटो हीच खरी मुलगी असं धरून चाललंय. अर्थात सगळं खापर फॅशनवर फोडून चालणार नाही, डॉक्टर म्हणाले आनुवंशिकता असते, स्वभाव असतो, आणि या आजाराला ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव लंडनच्या विल्यम गल यांनी 1873 च्या सुमारास दिलं, तेव्हा कुठलं इन्स्टा. पण ठिणगी कुठूनही पडू दे, वर तेल ओतायचं काम कोण करतंय ते दिसतंच ना.

आता काकूंकडं येते. ट्रीटमेंट अशी होती की ताट घरच्यांनी वाढायचं, समोर बसायचं, संपेपर्यंत उठायचं नाही, वाद घालायचा नाही. लंडनच्या मॉड्स्ली हॉस्पिटलमधून आलेली पद्धत आहे ही, शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलांना घरच्यांनीच जेवायला लावायचं. आई शेंगदाण्याची चटणी-भाकरी घेऊन तास तास बसायची, कधीकधी दोघी रडायच्या. हळूहळू अंग भरायला लागलं आणि जुने कपडे होईनात. कौन्सेलर म्हणाल्या की जुने कपडे कपाटातून काढूनच टाका, नाहीतर ती रोज घालून बघणार. काढले. आता नवीन घ्यायचे तर रेडिमेडची वेगळीच तऱ्हा, एका ब्रँडचा एम होतो, शेजारच्या दुकानात एक्सएल घाला म्हणतात, कारण आपल्या कंपन्या वर्षानुवर्षं अमेरिका-इंग्लंडचे मापाचे तक्ते आपल्याला हवे तसे वाकवून वापरतात. भारतीय अंगाचा तक्ता असावा म्हणून निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेनं इंडियासाइझ नावाचा सर्व्हे हाती घेतला, 15 ते 65 वयाच्या 25 हजार लोकांची मापं सहा शहरांत थ्री-डी स्कॅनरनं घ्यायची असं ते काम. तो तक्ता दुकानात येईल तेव्हा येईल, तोवर कॉलरमागच्या त्या चिंधीवरचं एक अक्षर आमचं महिन्याभराचं काम मातीत घालत होतं.

शेजारच्या वहिनींनी काकूंचं सुचवलं. मी आधी एकटी जाऊन सगळं सांगितलं. काकूंनी हातातलं उसवणं थांबवून ऐकलं, बापरे नाही, अरेरे नाही, फक्त म्हणाल्या, "घेऊन ये तिला, मात्र जेवायच्या आधी आणू नको." मला वाटलं आजारामुळं म्हणतायत. तसं नव्हतंच. त्यांचा सगळ्यांना हाच नियम आहे, उपाशीपोटी माप दिलं की लग्नात पंगतीवरून उठताना हुक तुटतात आणि नाव टेलरचं खराब होतं. बहीण हे ऐकून हसली. खूप दिवसांनी.

मापाची पद्धत बघण्यासारखी आहे. बाकी टेलर टेप लावून छत्तीस, तीस, अडतीस असं पोराला ओरडून सांगतात, पूर्ण दुकानाला कळतं. काकू बोलतच नाहीत, टेप लावतात आणि वहीत लिहितात, वही पालथी. आरशाकडं पाठ करून उभं करतात. हात वर कर, खाली बस, गाडीवर बसल्यासारखं वाक, एवढंच. एप्रिल असून तिला फुल बाही हवी होती, हातावरच्या लवेमुळं, काकूंनी का म्हणून विचारलं नाही, मलमलचं अस्तर लावून दिलं नुसतं, गरम होऊ नये म्हणून.

बाजूला आणि कंबरेला दोन-दोन इंच माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडली. नेहमी इतकी सोडत नाहीत कोणी, कापड वाचवतात. पुढं तीन-चार महिन्यांत तोच ड्रेस उसवून वाढवून दिला, ड्रेस तोच, रंग तोच, नवीन साइज विकत घ्यायचा प्रसंगच नाही. वाढवायचे पैसे पण घेतले नाहीत, म्हणाल्या, "शिवतानाच धरलेत."

डिझाइनच्या पुस्तकांची चळत आहे तिथं, बहीण त्यातल्या एका फोटोवर अडकली, हा असाच बसला पाहिजे म्हणे. काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "अगं ते मागून पिना मारून फोटो काढतात, त्या पोरीला तरी कुठं बसलाय तो." येताना हरभट रोडवर एका दुकानात दारातल्या पुतळ्याच्या मागं जाऊन बघितलं आम्ही, खरंच पाठीला पाच-सहा मोठ्या क्लिपा लावून ड्रेस ओढून बसवलेला. बहिणीनं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. वॉचमन ओरडला.

आता तक्रारी. तारीख पाळणं हा प्रकार नाही. सोमवार म्हणाल्या की गुरुवार धरा, लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी तर फोनच उचलत नाहीत, आईचा ब्लाउज डोहाळजेवण होऊन गेल्यावर मिळाला. पिको-फॉल बाहेरून करून आणतात, त्यात अजून दोन दिवस. गाडी लावायला जागा नाही, चारचाकी नेऊच नका. फॅन्सी गळे, नेट, जरदोसी असलं काम असेल तर दुसरीकडं जा, काकूंचा हात सुती आणि साध्या कामात आहे, नेटच्या बाह्या आमच्या वहिनींच्या नीट बसल्या नाहीत. आणि टीव्हीवर सिरियल मोठ्यानं चालू असते.

रेट ठीक आहेत, साधा पंजाबी ड्रेस 450, अस्तरासकट 650, ब्लाउज डिझाइनप्रमाणं. जीपे चालतं.

बहीण पूर्ण बरी झाली का असं विचाराल तर नाही, अजून डॉक्टरकडं जाणं चालू आहे, पण जून महिन्यात कॉलेजला गेली आणि दुपारचा डबा खाते. कोणाच्या घरी असं काही दिसत असेल, मुलगी असो नाहीतर मुलगा, मुलांना पण होतं हे, तर टेलर नंतर शोधा, आधी डॉक्टर गाठा, आणि कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस ही मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलतात. फक्त खात नाही म्हणून ओरडू नका आणि खाल्लं म्हणून टाळ्या पण वाजवू नका, आम्हाला कौन्सेलरनी हे दहा वेळा सांगितलं.

पाचपैकी साडेचार. अर्धा तारखेचा कापला, काकूंना सांगितलं तर म्हणाल्या अजून अर्धा काप, गर्दी कमी होईल. जाणार असाल तर कॉटनचं कापड घरी भिजवून, वाळवून न्या, कोरं नेलं की आटेल म्हणून दारातूनच परत पाठवतात.