ऑनलाइन पदवी की कॉलेजची?
"घरबसल्या मिळते ती कसली डिग्री?" सदाशिव पेठेतल्या मावशीचा हा हेका. पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीची. मान्यता मात्र यूजीसीच्या यादीत स्वतः तपासा, जाहिरातीवर जाऊ नका.

ऑनलाइन पदवी सोपी असते, हा दुसरा गैरसमज. भाचा हिंजवडीहून परतताना बसमध्ये कानात लेक्चर लावतो आणि औंधच्या आधीच पेंगतो. परीक्षा निरीक्षकाच्या नजरेखालीच, मग ती नजर कॅमेऱ्यातली का असेना. कॉलेजात निदान शेजारचा कोपरानं ढोसून उठवतो. शिवाय कट्ट्यावरचा चहा!

इंजिनिअरिंग, मेडिकलला मात्र कॉलेजच गाठायचं. तिथं ऑनलाइन पदवीला परवानगीच नाही. नोकरी सांभाळून बीकॉम करायचं असेल, तर मी ऑनलाइनच घेईन.