वाळवंट की बागलाण? नाशिककरांसाठी दोन रात्रींच्या आकाशदर्शनाचा हिशेब

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघायचं आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचं. एवढ्यात वाळवंटातला तंबू, डोक्यावर गच्च तारे आणि दिवसा थोडी भटकंती बसवायची. नाशिकहून हे जमतं का? जैसलमेर जमत नाही. कच्छचं पांढरं रण ओढूनताणून जमतं, पण दमछाक होते. छोटं रण जमू शकतं. आणि निव्वळ ताऱ्यांसाठीच जायचं असेल, तर आपल्याच जिल्ह्यातलं बागलाण पुरेसं आहे, सटाण्याच्या फार पलीकडे जायची गरजच नाही. माझा कल शेवटच्या पर्यायाकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जागेच्या आधी तिथी

कुठे जायचं यापेक्षा कधी जायचं, यावर या सहलीचं निम्मं यश अवलंबून असतं. भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि अमावास्येच्या आसपासचे शनिवार शोधा. कृष्ण अष्टमीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो. म्हणजे अष्टमीपासून पुढे संध्याकाळ आपल्याला मोकळी मिळते. अमावास्येनंतर शुक्ल चतुर्थी-पंचमीपर्यंत कोर लवकर मावळते, म्हणून तेही दिवस चालतात. पौर्णिमेच्या रात्री मात्र जैसलमेर काय आणि गंगापूर रोड काय, दिसणाऱ्या ताऱ्यांची संख्या पार रोडावते.

नेमकी इथेच वाळवंटाची जाहिरात आणि आपली गरज यांची गाठ पडत नाही. कच्छच्या रणोत्सवात सगळ्यात जास्त मागणी पौर्णिमेच्या रात्रींना असते, कारण चांदण्यात मीठ उजळून निघतं. जैसलमेरचा मरू महोत्सवही माघ पौर्णिमेच्या तोंडावर असतो. ते दृश्य देखणं असतं याबद्दल वाद नाही, पण ते चंद्राचं दृश्य आहे. तारे बघायला जाणाऱ्याने याच तारखा टाळायच्या असतात. त्यात फायदाही आहे, पौर्णिमा सोडून गेलात तर तंबू सहज मिळतो.

सुट्ट्यांचा मेळ घालायचा असेल तर दोन दिवस लक्षात ठेवण्यासारखे आहेत. लक्ष्मीपूजन अमावास्येलाच असतं आणि महाशिवरात्र माघ कृष्ण चतुर्दशीला. दोन्ही वेळा आकाश काळंभोर आणि कॅलेंडरात लाल तारीख. फक्त महाशिवरात्रीला त्र्यंबक रस्त्याच्या वाटेला जाऊ नका, निम्मी रात्र ट्रॅफिकमध्येच जाईल.

जैसलमेर : वाळू खरी, अंधार अर्धा

नाशिक ते जैसलमेर रस्त्याने हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. दोन दिवसांच्या सुट्टीत जाण्यात एक दिवस आणि येण्यात एक दिवस जाणार. म्हणजे वाळूवर एक रात्रही धड मिळणार नाही. चार-पाच दिवस काढता येत असतील तरच याचा विचार करा. पण मग ती मजेची सहल आहे. सोनार किल्ला आहे, ओसाड पडलेलं कुलधरा आहे, आणि बाडमेर रस्त्यावर आकलचं लाकूड-जीवाश्म उद्यान आहे. सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी इथे झाडं होती, त्यांची दगड झालेली खोडं उघड्यावर पडलेली दिसतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हापासून बनला तो त्यानंतर फार उशिरा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. सोबत मुलं असतील तर हा फरक त्यांना तिथेच उभं राहून समजावता येतो.

आता तंबूंबद्दल. जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवरचे समचे टिब्बे सगळ्यांना माहीत आहेत, आणि तीच त्यांची अडचण आहे. संध्याकाळी उंटावरून सूर्यास्त, मग कॅम्पच्या मधोमध शेकोटी, कालबेलिया नाच, ढोलक, आणि जेवणानंतर स्पीकरवर हिंदी गाणी. तंबूंच्या रांगांवर एलईडीच्या माळा. शेजारच्या कॅम्पचं कंपाउंड चार पावलांवर, त्यामुळे तुमच्या मालकाने दिवे घालवले तरी त्याचे चालूच. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक पांढरा दिवा डोळ्यांवर आला की ती सगळी मेहनत वाया. क्षितिजावर पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकत असतात, ते वेगळंच. जैसलमेरजवळच्याच खुडी गावाच्या बाजूला गर्दी कमी असते. जैसलमेरला जाणारच असाल आणि तारे हे कारण असेल, तर सम सोडा आणि खुडी धरा.

थंडीचा बाऊ करू नका. निफाडला द्राक्षबागा वाचवायला पहाटे शेकोट्या पेटवतात ती थंडी ज्यांनी बघितलीय, त्यांना डिसेंबरातलं जैसलमेर परकं वाटणार नाही. फरक एवढाच की तिथे दुपारी टी-शर्टवर फिरता आणि पहाटे रजईतून हात बाहेर काढवत नाही.

पांढरं रण : दिवसाचं वैभव

पांढऱ्या रणाच्या काठचं धोर्डो गाव नाशिकपासून रस्त्याने साडेआठशे-नऊशे किलोमीटर. मुंबईहून भूजला रात्रीच्या गाड्या आहेत, पण त्यासाठी आधी मुंबई गाठायची. भूजपासून पुढे ऐंशीएक किलोमीटर. शुक्रवारी रजा घेऊन तीन दिवस केले तर जमतं, आणि परतल्यावर सोमवारी ऑफिसात डुलक्या येतात.

पावसाळ्यात रणात पाणी भरतं. ते आटून मिठाचा थर धरायला नोव्हेंबर उजाडतो, कधी त्याहून उशीर होतो. म्हणजे दिवाळीच्या अमावास्येला गेलात तर पांढऱ्याऐवजी चिखल बघायला मिळण्याची शक्यता धरून चला. हा सीमेलगतचा भाग असल्याने परवाना लागतो, ओळखपत्र जवळ ठेवा. आणि एक गैरसमज आधीच काढून टाका. मिठावर तंबू ठोकता येत नाही. मुक्काम गावाजवळच्या तंबूंमध्येच होतो आणि तिथे समसारखीच रोषणाई असते.

भटकंतीला मात्र कच्छसारखा प्रदेश नाही. काळा डुंगर हे कच्छमधलं सर्वात उंच ठिकाण, वर दत्ताचं देऊळ, आणि तिथला प्रसाद कोल्ह्यांना घालायची जुनी रीत. खावड्याहून रणाच्या मधून जाणारा सरळसोट रस्ता थेट धोलावीराला नेतो. २०२१ साली जागतिक वारसा ठरलेलं ते हडप्पाकालीन शहर, आणि त्याचे पाणी साठवायचे प्रचंड हौद बघितले की दुष्काळी भागातला माणूस थबकतोच. यासाठी कच्छला जावं, चार दिवस काढून जावं. ताऱ्यांसाठी नको.

छोटं रण : वाळवंटाचा हट्टच असेल तर

अहमदाबादपासून दोनेक तासांवर दसाडा, झैनाबाद ही गावं. ओझरहून अहमदाबादचं विमान तुमच्या वेळेला जुळलं तर शनिवारी दुपारी तुम्ही रणात असता. रस्त्याने आलात तर रात्रभर गाडी चालवायला दोघं तरी हवेत.

इथे वाळूचे टिब्बे नाहीत. भेगाळलेली सपाट माती, पायाखाली ताटाएवढे तुकडे, कडेला मिठाची पांढरी रेघ. लांबवर पाणी चमकतंय असं वाटतं, गाडी पुढे जाते तसं तेही पुढे सरकतं. घुडखर म्हणजे रानगाढव इथलं मानाचं जनावर. कळप धावायला लागला की जीप मागे पडते. मीठ पिकवणाऱ्या अगरियांची मिठागरं हिवाळ्यात चालू असतात. जमिनीखालचं खारं पाणी उपसून वाफ्यांत सोडायचं आणि दाताळ्याने मीठ ओढत राहायचं. पूर्वी पंप डिझेलवर चालायचे, आता बऱ्याच वाफ्यांशेजारी सौर पॅनल उभे दिसतात. थंडीत पाणथळ जागी रोहित पक्षी असतात. पावसाळ्यात अभयारण्य बंद.

अभयारण्यात रात्री राहता येत नाही. पण काठच्या गावांत समसारखा गजबजाट नाही, आणि सपाटी तीच. वाळवंटाची खरी गंमत या सपाटीत आहे, आपल्याकडे ती शोधूनही सापडत नाही. डोंगरांच्या मुलखात तारा कुणाच्या तरी खांद्यावरून वर येतो. इथे तो जमिनीतून निघतो. मृगाच्या पोटातल्या तिन्ही चांदण्या एकामागून एक वर येताना दिसतात, आधी लालसर, थरथरती, मग हळूहळू पांढरी. अंधार किती आहे यापेक्षा हा अनुभव वेगळा, आणि तो हवा असेल तर छोट्या रणाचा खर्च वसूल आहे.

घराजवळ : भंडारदरा नको, बागलाण हो

नाशिककर पहिल्यांदा भंडारदऱ्याचं नाव काढतो. सत्तरेक किलोमीटर, दोन तास, तलावकाठी तंबू. पण सुट्टीच्या रात्री तिथली गत समपेक्षा फार वेगळी नसते, फक्त ढोलकाच्या जागी डीजे. एका अंगाला कळसूबाईची रांग, दुसऱ्या अंगाला रतनगड, त्यामुळे आकाशाची कडा कापलेली. तलावाकाठी दव इतकं पडतं की दुर्बिणीची काच अर्ध्या तासात धुरकट होते. आणि पश्चिमेकडे कल्याण-मुंबईचा उजेड. काजव्यांसाठी मेअखेरीस जा, सांदण दरीसाठी हिवाळ्यात जा.

याउलट सटाणा ओलांडून साल्हेरकडे वळा. नाशिकपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तीन-साडेतीन तास. मुंबईचा उजेड मागे राहतो, जवळ मोठं शहर नाही, आणि हवा कोरडी. साल्हेर हा राज्यातला सर्वात उंच किल्ला, १५६७ मीटर. मराठे आणि मुघलांमधली १६७२ ची लढाई इथली, आणि २०२५ मध्ये मराठ्यांच्या किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात याचंही नाव आहे. दिवसाची भटकंती त्यातच आली. मुल्हेर आणि मांगी-तुंगी हाताशी आहेत. किल्ल्यावर तंबू ठोकायच्या भानगडीत पडू नका, वारसास्थळाचे आणि वनविभागाचे नियम असतात. पायथ्याच्या साल्हेरवाडीत किंवा वाघांब्यात कुणाच्या घरी जेवणाची सोय होते, अंगण किंवा शेत विचारून घ्या. जागा निवडताना एकच बघा, दक्षिण मोकळी हवी.

दक्षिण का, तर हा मुद्दा जैसलमेरच्या जाहिरातीत कधी येणार नाही. आपण उत्तर अक्षांश २० च्या जवळ, जैसलमेर २७ च्या जवळ. जितकं उत्तरेला जाल तितके दक्षिणेचे तारे खाली जातात. अगस्ती हा दक्षिणेचा ठळक तारा आपल्याकडे क्षितिजापासून साधारण १७ अंश चढतो, जैसलमेरला जेमतेम १०. हात लांब करून मूठ धरली की ती सुमारे १० अंश भरते, त्यावरून अंदाज घ्या. त्रिशंकू या दक्षिणेकडच्या तारकासमूहाचा सर्वात खालचा तारा बागलाणातून क्षितिजाच्या सहाएक अंश वर येतो, जैसलमेरला तो क्षितिजालाच टेकलेला असतो, म्हणजे दिसत नाही असंच धरा. नरतुरंग तारकासमूहातला मित्र हा तारा, आपल्या सूर्याचा जवळचा शेजारी, त्याचीही तीच कथा. बदल्यात जैसलमेरला ध्रुव आपल्यापेक्षा सात अंश जास्त वर दिसतो. कुणी त्यासाठी हजार किलोमीटर जाईल असं वाटत नाही.

महाशिवरात्रीच्या सुमारास साल्हेरच्या पायथ्याशी रात्रभर जागायची तयारी असेल तर कार्यक्रम भरगच्च होतो. अंधार पडताच मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका वर. नंतर सप्तर्षी. पहाटे तीनच्या पुढेमागे दक्षिणेला त्रिशंकू उभा, आणि पाचपर्यंत आग्नेयेला वृश्चिक-धनूतला आकाशगंगेचा दाट पट्टा. फोटोंमध्ये दिसतो तो हाच. डिसेंबर-जानेवारीत तो सूर्याच्या बाजूला गेलेला असतो, त्यामुळे ऐन मोसमात वाळवंटात कॅमेरा घेऊन गेलेल्यांना हिवाळ्यातली फिकट आकाशगंगाच मिळते. मुलांची सुट्टी डिसेंबरातच असेल तर १३-१४ तारखेच्या मिथुन उल्कावर्षावाशी अमावास्या जुळतेय का बघा. उल्कांना दुर्बीण लागत नाही, सतरंजी लागते.

एप्रिल-मेमध्ये त्रिशंकू संध्याकाळीच वर असतो, पण वणव्यांचा धूर आणि उन्हाळी धुरळा आकाश मळवून टाकतात. जून ते सप्टेंबर विषयच नाही.

शेवटी कोणी काय करावं

लहान मुलं, आजी-आजोबा आणि एकच रात्र, तर बागलाण. वाळवंट आयुष्यात पाहिलेलंच नाही आणि तीन दिवस निघतात, तर छोटं रण. चार-पाच दिवस असतील तर कच्छ की जैसलमेर हा आवडीचा प्रश्न. मला कच्छ जास्त भावतं, ते धोलावीरामुळे.

कुठेही जा, बुकिंगआधी मालकाला फोनवर दोनच गोष्टी विचारा. रात्री दहानंतर बाहेरचे दिवे पूर्ण बंद करता का, आणि स्पीकर किती वाजेपर्यंत चालतो. "साहेब, म्हणाल तसं करू" असं उत्तर आलं तर ते नाही समजा. "दहाला मेन स्विच पाडतो" असं कुणी म्हणालं, तर लगेच ॲडव्हान्स पाठवा.