गाडी रात्रभर रस्त्यावर: गिअर लॉक की जीपीएस ट्रॅकर?

सोसायटीत पार्किंग नाही आणि दोन्हीतलं एकच घ्यायचं, तर मी डोळे झाकून गिअर लॉक म्हणेन, म्हणजे गिअरला लोखंडी दांड्याने एका जागी अडकवणारं कुलूप. हल्लीचे चोर काच फोडून ओबीडी पोर्टला (स्टिअरिंगखालचं, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं सॉकेट) मशीन लावतात, नवी चावी प्रोग्रॅम करून गाडी चालू करतात, पण गिअरच रिव्हर्सला अडकलेला असेल तर तो लोखंडी दांडा कापत बसायला वेळ लागतो, आवाजही होतो, आणि चोराला नेमकं तेच परवडत नाही. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, गाडी गेल्यावर कुठे गेली ते सांगतो, तेही त्यातल्या सिम कार्डला रिचार्ज असेल आणि चोराकडे सिग्नल अडवणारा जॅमर नसेल तर. घेतलाच तर ओबीडीत खोचायचा नको, तो सहज उपटता येतो, डॅशबोर्डच्या आत वायरिंगवाला बसवा. आणि हो, लॅपटॉपची बॅग सीटवर दिसत असेल तर दोन्हीचा काही उपयोग नाही, ती घरीच घेऊन जा.