फिनलंडच्या खेड्यातील हिवाळा : स्की घ्यावी की पोत्कुरी?

फिनलंडमध्ये नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबे बहुधा हेलसिंकी, एस्पो किंवा ताम्पेरे या शहरांत राहतात आणि तेथील हिवाळा बस, ट्राम व मेट्रोच्या आधाराने सुखरूप पार पडतो. खेड्यात घर घेणाऱ्याला, किंवा सरोवराकाठच्या लाकडी घरात एखादा हिवाळा काढू इच्छिणाऱ्याला मात्र बर्फ टिकू लागले की एक लहानसा पण रोजचा प्रश्न पडतो. रस्त्याच्या वळणावर रांगेने लावलेल्या टपालपेट्या, गावातील एकुलते एक दुकान, शेजाऱ्याचे घर ही एक-दोन किलोमीटरची अंतरे कशाने कापायची? एवढ्याशा कामासाठी मोटारीचे इंजिन विजेवर तापवत ठेवणे आणि काचांवरचे बर्फ खरवडत बसणे जिवावर येते. अशा वेळी येथील लोक ज्या दोन जुन्या साधनांकडे वळतात, ती म्हणजे स्की आणि पोत्कुरी. स्की सर्वांना ठाऊक आहे. पोत्कुरी म्हणजे दोन लांब, लवचीक पोलादी पट्ट्यांवर बसवलेली खुर्ची. तिच्या पाठीमागची दांडी धरून एक पाय पट्टीवर ठेवायचा आणि दुसऱ्या पायाने जमिनीला मागे रेटा द्यायचा. मी पूर्व फिनलंडमधील उत्तर कारेलिया या प्रांतातील एका खेड्यात राहतो, दोन्ही साधने माझ्या घरात आहेत आणि दोन्ही नियमित वापरात आहेत. म्हणून निवड करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे.

स्कीची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. ताजे बर्फ पडलेले असताना रस्ता सोडून सरळ शेतातून, रानातून किंवा गोठलेल्या सरोवरावरून जाता येते ते केवळ स्कीमुळेच. फिनलंडमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवरून स्कीने जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. घराचे अंगण टाळले की पुरे, आणि बर्फाखाली झाकलेल्या शेतातूनही जाण्यास हरकत नसते. डिसेंबरात आमच्याकडे दिवस जेमतेम पाच तासांचा असतो. त्या वेळात स्प्रूस वृक्षांच्या रानातून, फांद्यांवर तोललेल्या बर्फाखालून, स्वतःच्याच जुन्या मागावरून तासभर फिरून यावे, याहून स्वस्त आणि निर्मळ सुख मला येथे सापडलेले नाही. तापमान शून्याच्या आसपास घुटमळू लागले की स्कीच्या तळाला बर्फाचे गोळे चिकटतात, हे खरे; परंतु तळाशी केसाळ पट्टी बसवलेल्या आजच्या स्कीने ती अडचण बरीच कमी केली आहे.

माझ्यापुरता निर्णय झाला तो मात्र बुटांमुळे. स्कीचा बूट स्कीवर असेपर्यंतच सुखाचा असतो. दुकानाच्या दारात स्की काढली की तो कडक, गुळगुळीत तळवा घट्ट दाबलेल्या बर्फावर घसरू लागतो आणि आतल्या ओल्या फरशीवर तर अधिकच घसरतो. परतताना चवड्याखालच्या दांडीभोवती बर्फ घट्ट बसलेले असते, ते कोरून काढल्याशिवाय बूट खटक्यात अडकत नाही. त्यासाठी बहुतेक वेळा हातमोजे उतरवावे लागतात, आणि उणे पंधरा अंशांत उघड्या बोटांनी केलेले असे काम पुढचा अर्धा रस्ता बोटांत ठणकत राहते. पाठपिशवीत दुसरे जोडे घेऊन जावे, तर दूध आणि बटाट्यांची जागा जाते. टपालपेटीपर्यंत जाऊन वर्तमानपत्र आणायचे, एवढ्यासाठी बूट चढवणे, बांधणे, अडकवणे आणि घरी येऊन पुन्हा वाळत घालणे हे सारे मला हळूहळू इतके नकोसे झाले की, स्कीवर मनापासून प्रेम असूनही कामाच्या वेळी मी ती भिंतीवरून काढेनासा झालो. रबरी किंवा लोकरी नमद्याचे कोणतेही बूट चालतील अशा, साध्या पट्ट्यांच्या बांधणीच्या रानस्की मिळतात, हे येथे सांगितले पाहिजे. बुटांची तक्रार त्यांनी बऱ्याच अंशी मिटते; पण त्या अडीच मीटरच्या आसपास लांब असतात आणि बर्फ नांगरून बाजूला सारलेल्या रस्त्याच्या कडेने त्या घेऊन चालणे हे वेगळेच ओझे होते.

पोत्कुरीला हे काहीही लागत नाही. पायात जे आहे त्यावर निघावे. तळव्याला लहान खिळे असलेले हिवाळी बूट असतील तर रेटा अधिक चांगला बसतो, एवढेच. खुर्चीवर दुकानाची पिशवी ठेवता येते, लहान मूल बसवता येते, थकवा आला तर वाटेत स्वतःलाही बसता येते. फेब्रुवारीच्या 5 तारखेला, कवी रूनेबर्ग यांच्या जन्मदिनी, येथे बदामाचा चुरा घातलेले आणि वर रास्पबेरीचा मुरंबा लावलेले छोटे केक घरोघरी खाल्ले जातात. पाठपिशवीतून ते चेंगरून येतात, खुर्चीवरच्या खोक्यातून जसेच्या तसे येतात. गावोगाव फिरणारी ग्रंथालयाची बस (फिनलंडमधील अशी पहिली बस 1961 मध्ये तुर्कू शहरात सुरू झाली) ठरल्या वेळी येते आणि थोडाच वेळ थांबते. तिला गाठायचे तर बांधाबांधीशिवाय निघता येणे फार मोलाचे ठरते. गावातील वयस्कर स्त्रिया पोत्कुरीवरून दुकानात येतात त्यामागे केवळ सवय नाही. निसरड्या रस्त्यावर हाताशी भक्कम दांडी असली की पडण्याची धास्ती कमी होते. चालत लागणाऱ्या वेळाच्या साधारण निम्म्यात मी घरी पोचतो, निदान मला तरी तसे जाणवते.

तिचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ताज्या, भुसभुशीत बर्फात पट्ट्या रुततात. त्यांवर बसवायच्या रुंद प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतात, पण गुडघाभर बर्फात त्यांचाही इलाज चालत नाही. ब्रेक नसल्याने उतारावर टाचा टेकवूनच वेग आवरावा लागतो. सर्वात मोठा शत्रू म्हणजे रस्त्यावर टाकलेली खडी. घसरण टाळण्यासाठी नगरपालिका पदपथांवर बारीक खडी पसरतात, आणि तिच्यावर पोलादी पट्टी कर्कश आवाज करत जागीच अडते. मीठ टाकलेल्या हमरस्त्यावरही पोत्कुरी निरुपयोगीच. खेड्यात मात्र परिस्थिती वेगळी असते. फिनलंडमध्ये खासगी रस्त्यांचे जाळे लाखो किलोमीटरचे आहे. त्यांची देखभाल त्या रस्त्यावरचे घरमालक मिळून करतात आणि बहुतेक ठिकाणी बर्फ नांगरण्यापलीकडे फारसे काही केले जात नाही. नांगराखाली राहिलेला तो घट्ट, पांढरा थर पोत्कुरीला उत्तम मानवतो. त्यामुळे खरेदीपूर्वी आपल्या घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे आणि त्यावर खडी पडते का, हे शेजाऱ्यांना जरूर विचारावे. हिवाळाभर खडी पडत असेल, तर माझे सारे म्हणणे बाजूला ठेवून स्कीच घ्यावी.

सरोवरावरून जाण्याबाबत दोन्ही साधनांना एकच नियम लागू आहे. एकट्या चालणाऱ्यासाठी किमान पाच सेंटिमीटर जाडीचे टणक बर्फ हवे, असे येथे मुलांनाही शिकवतात. प्रवाहाच्या जागा आणि पुलांच्या आसपासचा भाग टाळावा, आणि पाण्यात पडल्यास काठ पकडून वर येण्यासाठी गळ्यात बर्फात रोवायचे खिळे असावेत. काळोखात दोन्ही साधनांवर कपड्यांना परावर्तक लावलेला असावाच. मार्चअखेरीस दिवसा वितळलेले बर्फ रात्री पुन्हा गोठते आणि सकाळी त्याच्या कवचावर माणूस उभा राहू शकतो; त्या दिवसांत पोत्कुरीही शेतांवरून आणि सरोवराच्या किनाऱ्याने मोकळी धावते, आणि स्कीचा एकमेव हक्काचा प्रांतही काही तासांपुरता तिचा होतो.

ज्याला हिवाळा प्रामुख्याने रानात अनुभवायचा आहे, त्याने स्कीपासूनच सुरुवात करणे कदाचित योग्य ठरेल. ज्याला त्या हिवाळ्यात रोजचे जगायचे आहे, त्याने माझ्या मते आधी पोत्कुरी घ्यावी. जुन्या वस्तूंच्या बाजारात ती सहज मिळते. घेताना पट्ट्या सरळ आहेत ना, दांडीचे सांधे हलत नाहीत ना आणि आसनाचे लाकूड कुजलेले नाही ना, एवढे पाहावे. पट्ट्यांवरचा गंज पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच घासून निघतो.