स्विस लष्करी काडतुसांच्या नावाखाली 442 फ्रँकला चुना

ग्रेनेड फेकायच्या सहा काडतुसांचे 340, नुसता आवाज करणाऱ्या दहा ब्लँक काडतुसांचे 90, टपालाचे 12. एकूण 442 फ्रँक, आणि हाती भंगार. इथे स्वित्झर्लंडमध्ये जुनी काडतुसं जमवण्याचा हा छंद करणारे आपण मराठी मोजकेच, पण आहोत, म्हणून लाज गुंडाळून लिहितोय.

विकणाऱ्याची टेप नेहमीचीच: आजोबांची पेटी, माळ्यावर सापडली, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय. माल म्हणे स्विस लष्कराच्या जुन्या के 31 रायफलीचा, एकाच सीलबंद खोक्यातला. ग्रेनेडच्या काडतुसाला गोळी नसते, ग्रेनेड नुसत्या वायूच्या दाबाने उडतो. म्हणजे जीपी 11 ची, त्याच रायफलीच्या नेहमीच्या काडतुसाची, उडवलेली रिकामी पुंगळी घ्या, तोंडाला चुण्या पाडा, झालं दुर्मिळ काडतूस!

फोटो सात. खोकं, बाजू, चुण्या, सगळं लख्ख. बुडाचा फोटो मात्र एकाच काडतुसाचा. इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती! स्विस लष्करी काडतुसाच्या बुडावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. सहाही बुडं मागितली असती तर खेळ तिथेच खलास. पण समोरचा गोड बोलणारा म्हातारा, वर माझं जर्मन बेताचं, संशय घ्यायचा तरी कोणत्या तोंडाने? भलेभले फसलेत यात.

पार्सल उघडलं तर एका बुडावर 52, दुसऱ्यावर 61, तिसऱ्यावर 68. वा रे सीलबंद खोकं! बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसाला लावून टोपीवरून, म्हणजे बुडाच्या मधल्या ठिणगी पाडणाऱ्या भागावरून, फिरवलं. लाखेचा थर निघाला आणि खाली रायफलीच्या पिनेने पाडलेला खड्डा. उडवलेलंच होतं.

पोलीस ठाण्यात आधी चौकशी माझीच. परवाना कुठला, दारूगोळा टपालाने कसा मागवलात? मग दंडसंहितेचं कलम 146 ऐकवलं: फसवणूक कावेबाजपणे केलेली हवी, जे सहज तपासता आलं असतं ते न तपासणाऱ्याला कायदा पाठीशी घालत नाही. म्हणजे खड्ड्यात लाख भरणं हा कावा नव्हे, तर काय, कलाकुसर? पैशांसाठी दिवाणी दावा लावा म्हणाले, त्याची फी वेगळी. पेमेंट ॲपवाल्यांचं उत्तर, पैसे तुम्हीच पाठवलेत. तक्रारीचा कागद कुठल्या टेबलावर लोळतोय देव जाणे, आणि तिकडे त्या गृहस्थाने तसंच खोकं पुन्हा विक्रीला लावलंय. 360 ला. फोटो तेच सात!

प्रत्येक बुडाचा फोटो मागा, नाही म्हणाला तर फोन ठेवा. आगाऊ पैसे नकोत, समोरासमोर घ्या. माल आल्या दिवशीच तपासून लेखी कळवा, उशीर झाला तर हक्क जाऊ शकतो. काडतूस जिवंत असण्याची शंका आली तर खटपट न करता पोलिसांना बोलवा, एवढ्या कामाला तरी ते येतात. आणि "रिकामंच तर आहे" म्हणून एखादं बॅगेत टाकून पुण्याला नेऊ नका. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यातच मोडतात.